उत्तर किनाऱ्यावरचा इसम

ट्रेलोअरबाई दर मंगळवारी दुपारी नगरपालिकेत फोन करायच्या आणि स्वतःच्या मुलाविरुद्ध तक्रार नोंदवायच्या. तो त्यांचा मुलगा आहे हे मला पहिलं दीड वर्ष ठाऊक नव्हतं.

"उत्तर किनाऱ्यावरच्या शेडमध्ये एक इसम बसलाय," त्या सांगायच्या. "दिवसभर तिथंच असतो. काहीबाही पुटपुटतो. पोहायला येणाऱ्या बायकांनी कपडे बदलायचे कुठं?"

पोर्ट हॅलमच्या नगरपालिकेत तक्रारींच्या टेबलावर मी सोळा वर्षं काढली. भुंकणारी कुत्री, रस्त्यावर आलेल्या फांद्या, दारू पिऊन धक्क्यावर आरडाओरडा करणारी पोरं. सगळ्यांसाठी एकच नमुना. प्रकार, ठिकाण, वेळ, वर्णन. ट्रेलोअरबाईंचा प्रकार ठरलेला होता, विनाकारण रेंगाळणे व गैरवर्तन. मी तो लिहून घ्यायची, आमचा निरीक्षक केव्ह नॉस्के गाडी घेऊन जायचा, परत येऊन शेरा मारायचा, आणि पाच कामाच्या दिवसांच्या आत तक्रारदाराला लेखी उत्तर जायचं. तसा नियमच होता. 'आपल्या तक्रारीनुसार पाहणी केली. सदर इसमास उठवून लावण्यात आले.' खाली माझी सही.

मी लहान होते तेव्हा ट्रेलोअरबाई शाळेच्या उपाहारगृहात होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी या गावाच्या पोरांना पेस्ट्या, मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंज्या, वाढल्या. कोणाला कांदा चालत नाही, कोणाचा बाप घरी मारतो, सगळं त्यांना न सांगता कळायचं. मारखाऊ पोराच्या पिशवीत एक पेस्टी जास्त पडायची, त्यावर बोलणं नाही. त्यांचे यजमान आल्बी धान्याच्या सायलोवर, बंदराशेजारच्या त्या उंच कोठारांवर, कामाला होते. ते छातीत धूळ भरून गेले. मग बाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या टेकडीवरच्या घरात अडकल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना आखाताचा एक तुकडा दिसतो. शेड दिसत नाही. मध्ये सायलो येतात.

एकदा मी विचारलं, "ट्रेलोअरबाई, तुम्ही तर टेकडीवर राहता. तुम्हाला त्या माणसाचा त्रास कसा होतो?"

उत्तराऐवजी त्यांनी मलाच विचारलं.

"तू डॉटची धाकटी ना गं? शेली?"

"हो."

"तो वॉरिक आहे. आमचा."

बापाच्या दफनानंतर चहाच्या वेळी वॉरिक उठला आणि सगळ्यांसमोर आईला म्हणाला होता, तुझं न बोलता सगळं कळणं मला आता सोसत नाही. माझ्या मागं येऊ नकोस, कोणाला पाठवू नकोस. आलीस तर हे गावही सोडेन. तो अडतीस वर्षांचा होता. त्याच आठवड्यात तो शेडमध्ये राहायला गेला. बाईंनी फक्त एकदा, शेजारणीबरोबर, गरम पेस्टी पाठवली. वॉरिक सात आठवडे दिसेनासा झाला. परत आला तेव्हा बाईंनी मनाशी शपथ घेतली, पुन्हा कोणाला पाठवायचं नाही.

"दवाखान्यात विचारलं तर म्हणतात, सज्ञान माणूस आहे, सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "पोलीस तेच म्हणतात. आईला कोणी काही सांगत नाही, शेली. पण तक्रार केली की सांगावं लागतं. पत्र येतं."

"पण आमचा माणूस त्याला हाकलतो."

"हाकलू दे. हाकलला म्हणजे उठला. उठला म्हणजे पाय चालतायत."

त्यानंतरही मी तक्रारी घेत राहिले. कार्यालयात सगळे त्यांना 'मंगळवार' म्हणायचे. केव्ह म्हणायचा, "आली का तुझी मंगळवार? चला, वॉरिकला सलाम ठोकून येतो." तो खरोखर तेवढंच करायचा. गाडीतून उतरायचा, "ऊठ रे बाबा, आई काळजी करते" असं मात्र चुकूनही म्हणायचा नाही, "नियम आहे, थोडं चालून ये" म्हणायचा. वॉरिक शेडला एक फेरी मारून परत बसायचा. केव्ह वाईट माणूस नाही. आळशी आहे, आणि त्याची बोटं जाड आहेत.

त्या बोटांपासूनच सगळं सुरू झालं.

एकदा केव्हने 'कोणीही आढळले नाही' असा शेरा मारला होता. वॉरिक त्या दिवशी खेकडे धरायला खाजणात गेला होता, एवढंच. पण पत्र पोचलं आणि बाईंनी एका दिवसात नऊ फोन केले. शेवटच्या फोनला त्या नुसत्या रडत होत्या. तेव्हापासून केव्ह सविस्तर शेरे लिहू लागला, आणि कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत बसायचा. जानेवारीत, आमच्याकडच्या उन्हाळ्याच्या गर्दीत, मला त्याची कीव आली.

"हे बघ," मी म्हटलं. "ही कळ दाबलीस की तक्रारीतलं वर्णन जसंच्या तसं तुझ्या शेऱ्यात येतं. तू फक्त शेवटी 'उठवून लावले' लिही."

"शेल, तू संत आहेस."

"मुकाट्यानं काम कर."

तोपर्यंत बाईंना वॉरिकचं वर्णन मासळीच्या दुकानातल्या डोरीनकडून कळायचं. नाताळात डोरीन लेकीकडे ॲडलेडला कायमची राहायला गेली. आता बाईंना सांगणारं कोणी उरलं नव्हतं. नमुन्यात वर्णनाचा रकाना भरावा तर लागतोच. म्हणून त्या अंदाजानं सांगू लागल्या.

"हिरवा स्वेटर असेल. डाव्या कोपरावर रफू. मीच केलेलं आहे."

पाच दिवसांनी त्यांना पत्र मिळालं. हिरवा स्वेटर, डाव्या कोपरावर रफू, असा इसम आढळला, उठवून लावण्यात आले.

पुढच्या मंगळवारी बाईंचा आवाज वेगळाच होता. मोकळा. "अजून घालतो तो स्वेटर," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं." मग, जरा दबकत, "दाढी वाढली असेल नाही? पांढरी, हनुवटीपाशी. आल्बीला तशीच यायची."

दाढी आढळली. हनुवटीपाशी पांढरी.

मी ही पत्रं टंकत होते आणि मला काही खटकलं नाही, हे लिहायला आज जड जातं. आई आहे, आईला कळतं, असंच मला वाटलं. त्या पिशवीत जास्तीची पेस्टी घालणाऱ्या बाई मला आठवल्या. एप्रिलपर्यंत बाई 'असेल' म्हणायच्या बंद झाल्या. त्या फोनवर डोळे मिटायच्या, हे मला ऐकू यायचं. डोळे मिटलेल्या माणसाचा आवाज सावकाश होतो.

"उजव्या बुटाची नाडी नाही. सुतळी बांधलीय. बाकावर नाही बसलेला, खाली बसलाय, भिंतीला टेकून. शेली, मला दिसतो गं. मी बोलते तस्साच असतो. तुझी पत्रं आली नसती तर मी स्वतःला वेडी समजले असते."

मे महिन्यात त्या म्हणाल्या, "आज त्याचे बूट ओले आहेत."

मी लिहिलं. बूट ओले.

जूनमध्ये गुडघ्यापर्यंत ओला. थंडी पडली होती, आखातावरून दक्षिणेचा वारा सुरू झाला होता, आणि दर मंगळवारी पाणी वर चढत होतं. "आज मांड्यांपर्यंत." "आज कमरेपर्यंत, आणि खिशातून वाळू गळतेय." बाईंना काळजी वाटायची, पण घाबरल्या नव्हत्या. खेकडे धरत असेल, म्हणायच्या. पाण्यात उभा राहत असेल, लहानपणीही राहायचा, हाका मारून दमायचे. "नॉस्केला सांग, त्याला कोरडा टॉवेल तरी द्या म्हणावं." पत्र जायचं. कमरेपर्यंत ओल्या अवस्थेत इसम आढळला, उठवून लावण्यात आले.

माझी जेवायची सुट्टी मी धक्क्यावर घालवायची. आमच्या आखातात ओहोटीला पाणी मैलभर मागं जातं. उरते ती राखाडी ओली वाळू, इतकी सपाट की आभाळ तिच्यात पडलेलं दिसतं, आणि दूरवर चालणाऱ्या माणसाला पाय नसतात. त्या हिवाळ्यात मी जेवताना तिकडे बघणं सोडलं. पाठ करून बसायची. पाठीमागं कोणी तरी ओलं उभं आहे असं वाटायचं.

ऑक्टोबरात छातीपर्यंत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी बाई नेहमीपेक्षा सावकाश बोलल्या.

"केसांतून पाणी गळतंय," त्या म्हणाल्या. "डोळ्यांवर येतंय. तो पुसत नाहीये, शेली."

दोन दिवसांनी केव्हचा शेरा माझ्यासमोर आला. केसांतून पाणी गळत असलेला, डोळ्यांवर आलेले पाणी न पुसणारा इसम आढळला. उठवून लावण्यात आले. बाहेर तेव्हा तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. अडतीस अंशांचं ऊन होतं.

केव्ह होड्या उतरवायच्या उताराशी गाडी लावून जेवत होता. मी खिडकीशी उभी राहिले.

"मंगळवारी वॉरिक खरंच ओला होता?"

"लिहिलंय ना तसं?"

"केव्ह. होता का?"

त्याने पेस्टी कागदावर ठेवली. सॉस बोटांना लागला होता, तो त्याने बराच वेळ पुसला.

"एप्रिलात, ईस्टरच्या पुढच्या मंगळवारी गेलो होतो," तो म्हणाला. "शेडमध्ये कोणी नव्हतं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नव्हतं. मी 'कोणी नाही' लिहिलं असतं तर म्हातारीनं परत नऊ फोन केले असते. रडली असती. म्हटलं येईल परत, मागं सात आठवड्यांनी आला होता तसा. तोवर तुझी ती कळ दाबत गेलो. मग जायचंच सोडलं."

"सात महिने झाले."

"तिला झोप तरी लागत होती ना, शेल."

सात महिने त्या टेकडीवर जे गेलं त्यात आमचा एक शब्द नव्हता. बाई बोलायच्या, मी लिहायची, केव्ह कळ दाबायचा, मी टंकायची, आणि बाईंचंच बोलणं बाईंच्या दारात नगरपालिकेच्या शिक्क्यानिशी पडायचं. मध्ये कोणी माणूस नव्हता. होता तो आम्ही तिघांनी मिळून ओला केलेला.

आम्ही त्याच गाडीतून उत्तर किनाऱ्यावर गेलो. शेडमध्ये एक खोका, मेणबत्तीचे थेंब, भिंतीवर डोक्याच्या उंचीला तेलकट डाग, जिथं कोणी वर्षानुवर्षं टेकून बसलं असेल. बाहेर मानोली जाळी धुवत होता. त्याचा बाप ग्रीसहून आला होता, आणि खाजणातले खेकडे धरून विकायचा धंदा तीस वर्षं या दोघांचाच आहे.

"वॉरिक?" तो म्हणाला. "तो ईस्टरनंतरच गेला की. सोमवारची सुट्टी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"कुठं?"

मानोलीने हनुवटीने समोर दाखवलं. पाणी गेलेलं होतं. पलीकडे, वाळूच्या पार, भूशिराची काळी रेघ. "पलीकडं कोळंबीच्या होड्यांवर माणसं घेतात, म्हणाला. रस्त्यानं लांब पडतं. ओहोटीला सरळ चालत गेलं तर दीड तास. साडेअकराला निघाला. एकला पाणी फिरतं."

"म्हणजे पोचला असेल."

"न थांबता गेला असेल तर पोचला असेल." त्याने जाळं झटकलं. "पण तो थांबत होता. थोडं चालायचा आणि थांबून मागं बघायचा. गावाकडं. मी हात केला, पण तो माझ्याकडं बघत नव्हता. मग ऊन एवढं चढलं की काही दिसेना."

"तू कोणाला सांगितलं नाहीस?" केव्हने विचारलं.

"विचारलं कोणी? तुझी गाडी एकदोनदा आली, मग इकडं फिरकलीच नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

संध्याकाळच्या आत मी टेकडीवर गेले. केव्ह गाडीतच बसून राहिला. बाईंनी दार उघडलं आणि मला बघून त्यांचा चेहरा उजळला. मी स्वतः आले म्हणजे पत्राहून मोठी बातमी असणार.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

त्यांनी खुर्चीत बसून ऐकलं. मग उठून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. चार वर्षांची पत्रं, तारीखवार. ईस्टरनंतरची त्यांनी वेगळी काढून टेबलावर मांडली. एकोणतीस भरली; तिसावं अजून माझ्या टेबलावर होतं.

"हे सगळं मीच सांगितलेलं?"

"हो."

"स्वेटर?"

"तोही."

"पण तो तेव्हा तिथं होता. जानेवारीत."

"होता. पण स्वेटर कोणता होता, ते केव्हने बघितलं नाही."

त्यांनी बूट ओले असल्याचं पत्र शोधलं. तारखेवर बोट ठेवलं, मग खिडकीकडे बघितलं, सायलोंच्या मधल्या त्या पाण्याच्या तुकड्याकडे. मला वाटलं, आता त्या ओरडतील, मला घराबाहेर काढतील. मला ते हवं होतं.

"माझी काठी दे," त्या म्हणाल्या. "पोलिसांत जाऊ."

ठाण्यात कॉन्स्टेबल रिडली म्हणून नवा, नम्र मुलगा होता. त्याने बाईंना खुर्ची दिली, नाव टाईप केलं आणि संगणकाचा पडदा वाचत राहिला.

"बाई, वॉरिक ट्रेलोअर बेपत्ता नाहीत," तो म्हणाला. आवाजात खरा आनंद होता. "नगरपालिकेच्या नोंदी आम्हाला दिसतात, निरीक्षकाने नाव घातलेलं आहे. त्यांना गेल्या मंगळवारी उठवून लावलंय. त्याआधीच्या मंगळवारीही. दर आठवड्याला आहे इथं. ज्याला मंगळवारी बघितलंय त्याचा शोध मला लावता येत नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. काऊंटरपलीकडून पोराकडे बघावं तसं, ते पोर स्वतःहून बोलतं का, याची वाट बघत.

"त्या नोंदी खोट्या आहेत," मी म्हटलं.

"कोणी केल्या?"

"आम्ही. मी आणि बाहेर गाडीत बसलाय तो."

"मग मला ते लेखी लागेल. प्रत्येक नोंदीचं. नाहीतर वरून परवानगी मिळणार नाही."

केव्हला आत बोलावलं. तो आला, टोपी हातात धरून बाईंसमोर उभा राहिला. "ट्रेलोअरबाई, मी..." एवढंच म्हणाला. बाई म्हणाल्या, "बस आणि लिही, केव्हिन." तो त्यांच्याच हातच्या पेस्ट्या खाऊन वाढलेला. तो बसला. तीस तारखा आम्ही वाटून घेतल्या. या दिवशी कोणी गेले नाही. या दिवशी कोणास पाहिले नाही. जाड बोटांत पेन धरून त्याने एकेक अक्षर काढलं, आणि या वेळी मी त्याला कोणतीच सोपी वाट दाखवली नाही. या कागदांनंतर आम्हा दोघांना नगरपालिकेत जागा नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. ते त्या खोलीतलं सगळ्यात लहान दुःख होतं.

रिडलीने कागद वाचले, शिक्का मारला आणि नवा नमुना उघडला.

"आता सांगा. शेवटचं कोणी पाहिलं?"

मी बाईंकडे बघितलं. त्याने पुन्हा, हळू आवाजात विचारलं, "बाई, निदान अंगावर काय होतं? अंदाजानं सांगितलं तरी चालेल."

बाईंनी डोळे मिटले. मला तो सावकाश आवाज आठवला आणि मी टेबलाची कड धरली. आता पाणी कुठवर आलं असेल, हे मला ऐकायचं नव्हतं. केव्हने खाली बघितलं. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं आणि त्या खूप वेळ तशाच बसल्या होत्या, पापण्यांखाली डोळे हलत होते, काही शोधत असल्यासारखे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग त्यांनी डोळे उघडले.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "नुसती वाळू आहे." थोडं थांबून, "मला विचारू नका, बाळ. मी सहा वर्षं त्याला बघितलेलं नाही. तो खेकडेवाला आहे ना, त्याने डोळ्यांनी बघितलंय. त्याला विचारा. काय घातलं होतं, कसा चालत होता, कुठं थांबला, सगळं. आणि तो सांगेल तसंच लिहा."

रिडलीने रकाना कोरा सोडला, टोपी घातली आणि खेकडेवाल्याकडे जायला गाडीची किल्ली घेतली. उद्या दुपारच्या ओहोटीआधी दोन होड्या तिवरांच्या बाजूनं जातील, म्हणाला, आणि भूशिरावरच्या ठाण्याला तो निघण्याआधीच फोन करेल, कोळंबीच्या होड्यांवर त्या नावाचा कोणी कामाला लागलाय का म्हणून. बाई मान हलवत होत्या. त्याने त्यांना घरी सोडू का विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या. "मी इथंच बसते. तुमचा फोन होऊ दे."